घरमालक नागपुरात, आवाज आमच्या घरात!

रात्रीचे पावणेबारा. पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून मी एक लेख संपवायच्या खटपटीत होते. फोन वाजला. आई! नागभीडहून एवढ्या रात्री फोन म्हणजे पोटात गोळाच.

"काही नाई झालं वं. फक्त आयक," ती म्हणाली आणि तिनं फोन खिडकीबाहेर धरला.

धाड-धाड-धाड. मग शिट्ट्या. मग सायलेन्सर बदललेल्या मोटरसायकलचे दोन फटाके.

"रोजचंच हाय," आई म्हणाली. "तुझे बाबा गोळी घेऊन झोपतात अन् अर्ध्या तासात उठून बसतात."

बाबांची अँजिओप्लास्टी झाल्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली 'पुरेशी झोप' असं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आणि त्यांच्या पलंगामागच्या भिंतीपलीकडे, दोन हातांवर, सहा पोरं राहात होती. शेजारचे काका मुलाकडे नागपूरला गेले आणि घर भाड्यानं देऊन मोकळे झाले. पोरं कुठल्याशा खासगी फायनान्स कंपनीत वसुलीच्या कामावर. गावोगाव फिरून रात्री नऊला परत आली, की त्यांचा दिवस सुरू!

माझा होमवर्क

पुढच्याच वीकेंडला मी निघाले. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर कायदा वाचत गेले. पत्रकार ना मी! हाती लागलेला माल चांगला होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानंही यावर सविस्तर निकाल दिलेला. आपल्या घरात वाजवतोय म्हणून सूट नाही, घराच्या हद्दीवर किती आवाज येतो याचाही हिशेब असतो. सार्वजनिक उपद्रवाला जुन्या कायद्यात दोनशे रुपयांपर्यंत दंड होता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो हजारापर्यंत गेला.

घरी पोचल्यावर मी जाहीर केलं, "आज आवाज झाला की 112 लावायचा."

बाबा शांतपणे म्हणाले, "पोलिस दहा मिनिटांसाठी येतील. आपल्याले इथंच राहाचं हाय."

मी चिडले. पण मग एक प्रश्न विचारला आणि गार पडले. "तुम्ही त्यांना एकदा तरी सांगितलंत का?"

दोघंही गप्प. दोन महिन्यांत कोणी एक शब्द बोललं नव्हतं. आई खिडकी आपटायची, बाबा खोकायचे. पलीकडच्यांना त्यातून काय कळणार, कप्पाळ?

वडे आणि वाटाघाटी

रविवारी सकाळी दहाला आईनं लाखोरीच्या डाळीचे वडे तळले, ताटली झाकली आणि मला म्हणाली, "चाल." मला हे फारच मुळमुळीत वाटत होतं. तक्रार करायला जाताना वडे कशाला?

दार उघडणाऱ्या पोराचा चेहरा पाहून कळलं कशाला. तो भांडणाच्या तयारीत होता, ताटली बघून गोंधळला. आईनं आधी सगळ्यांची नावं विचारली. मग त्यांच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. "ह्या भिंतीमांगं आमचा पलंग हाय. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटत होतं, तिकडे आमचं कोठार आहे. "काकू, तुमी आधी सांगाचं ना," यवतमाळकडचा एक जण म्हणाला. सकाळी सहाला ही मंडळी गाडी काढतात, दिवसभर कर्जदारांच्या शिव्या खातात. रात्रीचे दोन तास काय ते त्यांचे.

आई म्हणाली, "गाणे आयका नं. दहापर्यंत आयका."

आमच्या झाडीपट्टीच्या माणसाला आवाजाचं वावडं नाही हो. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की आई स्वतः चटई आणि शाल घेऊन पहाटेपर्यंत मंडपात बसते. पण ते जागरण ती स्वतः निवडते. नाटक कुठल्या रात्री आहे हे ठाऊक असतं, दुपारी झोप काढता येते. शेजारचा स्पीकर आज वाजेल की नाही, बाराला थांबेल की दोनला, याची वाट बघत पडून राहायचं, त्यानंच माणूस अर्धा होतो.

सौदा ठरला. दहाला स्पीकर बंद. मोटरसायकल कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणायची. फोन नंबरांची देवाणघेवाण झाली. मी पुण्याला परतले ते स्वतःवर खूश होऊन.

तेराव्या रात्री

बारा रात्री शांततेत गेल्या. तेराव्या रात्री त्यांच्यातला एक जण पिऊन आला, आपापसात मारामारी झाली आणि बिअरची बाटली आमच्या अंगणात येऊन फुटली. बाबा रात्रभर खुर्चीत बसून होते.

आता वड्यांचं काम नव्हतं. मी घरमालक काकांना फोन लावला. "भाडं टाइमावर येते, मी इथून का करू?" हे उत्तर. मग मी आईकडून तारखा घेतल्या आणि कोणत्या रात्री किती वाजेपर्यंत काय झालं, हे एका कागदावर लिहिलं. फुटलेल्या बाटलीचा फोटो जोडून त्यांना पाठवला. खाली एकच वाक्य : लेखी करार झालाय का?

झाला नव्हता. मग काका स्वतः आले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ज्या शहरांना लागू आहे, तिथे कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. त्याच कायद्याचं कलम 16 सांगतं, की भाडेकरूचा शेजाऱ्यांना उपद्रव होत असेल तर मालक घराचा ताबा मागू शकतो. म्हणजे शेजाऱ्याची झोप कायद्यालाही दिसते!

काका सगळ्यांनाच काढायला निघाले होते. आई आडवी आली. "पाच जणांनी का केलं?" शेवटी पिणारा गेला, पाच राहिले, अकरा महिन्यांचा करार झाला. ज्या सकाळी तो पोरगा बॅग पाठीला लावून निघाला, आई दारात उभी होती. "जाशील कुठं?" तिनं विचारलं. तो काही बोलला नाही. ती फोनवर म्हणाली, "आपण बरोबर केलं. तरी बरं नाई वाटलं."

मलाही नाही वाटलं. कारण पुण्यात मीच 'ती भाडेकरू' आहे. रात्री अकराला ऑफिसच्या गाडीतून उतरते, म्हणून आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल मीटिंग झालेली आहे. माझा आवाज कोणाला ऐकू आला नव्हता, फक्त माझं येणं दिसलं होतं. म्हणून तक्रार करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचाच : मला त्रास काय होतोय, आवाजाचा की माणसांचा?

तुमच्या भिंतीपलीकडे असं कोणी असेल तर...

- आधी बोला, तेही सकाळी. मध्यरात्री दारावर धडका मारून फक्त भांडण होतं.
- मागणी नेमकी ठेवा. 'जरा हळू' याला अर्थ नाही, 'दहानंतर बंद' याला आहे.
- तारीख, वेळ, काय झालं, हे लिहून ठेवा. रेकॉर्डिंग असेल तर उत्तम.
- दुसरी पायरी घरमालक किंवा सोसायटी. लेखी कळवा.
- मारामारी, धमकी, दारू पिऊन धिंगाणा असेल तर पायऱ्या मोजत बसू नका. थेट 112. नाव उघड होईल अशी भीती वाटते? लाउडस्पीकरच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टानं जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना बजावलंय, की तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा.

परवा आईचा फोन आला. रात्री नाही, संध्याकाळी सातला. ती नाटकाला निघाली होती, बाबाही सोबत. मागून कोणीतरी ओरडत होतं, "काकू, तुमी नाटकाले चालले, तं आज साडेदहापर्यंत चालंल का?"

आईनं दोन सेकंद विचार केला असावा.

"सव्वादहा!"