साठ्याची नोंदवही आणि संगणकातील 'क्लास'

शाळेतील साठ्याच्या नोंदवह्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. बाके, फळे, कपाटे अशा टिकाऊ वस्तूंसाठी जडवस्तू संग्रहाची नोंदवही, आणि तांदूळ, डाळ, खडू अशा खर्च होणाऱ्या वस्तूंसाठी साठा नोंदवही. दोहोंचे तत्त्व एकच होय: आरंभीची शिल्लक, अधिक आवक, उणे जावक, म्हणजे अखेरची शिल्लक. हे तत्त्व ज्यास अवगत आहे, त्यास हेच काम संगणकाकडून करवून घेण्याची रीत समजणे कठीण नाही.

या रीतीस ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतात. नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६७ साली 'सिम्युला ६७' या संगणक-भाषेत 'क्लास' ही कल्पना मांडली. येथे क्लास म्हणजे विद्यार्थ्यांचा वर्ग नव्हे, तर वस्तूचा वर्ग, अर्थात आखलेला कोरा नमुना. त्यात वस्तूचे नाव, परिमाण व शिल्लक यांचे रकाने असतात. हा नमुना तांदळासाठी भरला की एक 'ऑब्जेक्ट' झाला. डाळीसाठी भरला की दुसरा. रकाने समान, परंतु प्रत्येकाचे आकडे स्वतंत्र.

कागदी नमुन्यात केवळ रकाने असतात. क्लासमध्ये त्यांच्यासोबत कृतीही लिहिलेल्या असतात. 'आवक' ही कृती शिल्लक वाढविते, 'जावक' कमी करते. शिल्लकेचा आकडा कोणी परस्पर बदलू नये. तो या कृतींच्या द्वारेच बदलावा, असा दंडक आज्ञावलीत घालता येतो.

उदाहरण घेऊ. तांदळाचे ५० किलोचे पोते आले. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम धान्य हे शालेय पोषण आहाराचे प्रमाण आहे. ४२ विद्यार्थी उपस्थित असल्यास ४,२०० ग्रॅम जावक होऊन ४५,८०० ग्रॅम शिल्लक राहील. चुकून ४२,००० लिहिले गेले तर? तो आकडा शिल्लकेहून कमी असल्याने केवळ शिल्लक तपासून ही चूक उमगणार नाही. म्हणून 'जावक' कृतीस ग्रॅम न देता उपस्थिती द्यावी, आणि गुणाकार तिनेच करावा. उपस्थिती पटसंख्येहून अधिक असेल, अथवा लागणारे धान्य शिल्लकेहून अधिक असेल, तर कृतीने नोंद नाकारावी. माप किलोच्या दशांशात न ठेवता पूर्ण ग्रॅममध्ये ठेवणे इष्ट. कारण संगणक द्विमान पद्धतीने मोजतो व कित्येक दशांश अपूर्णांक त्यास अचूक मांडता येत नाहीत.

टिकाऊ वस्तूंसाठी सर्व नमुना नव्याने आखावा लागत नाही. 'जडवस्तू' हा क्लास मूळ 'वस्तू' क्लासकडून रकाने व कृती वारशाने घेतो आणि स्वतःची भर घालतो. मोडलेले बाक नुसत्या जावकेने वजा होत नाही; निर्लेखनाच्या मंजुरीचा क्रमांक व दिनांक दिल्यावाचून ही कृती पुरी होऊ नये.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. केवळ शेवटचा आकडा न जपता प्रत्येक व्यवहार दिनांकासह साठवावा. चूक आढळल्यास जुनी नोंद न पुसता दुरुस्तीची नवी नोंद करावी. वहीत मध्येच एक आकडा चुकला की पुढील प्रत्येक शिल्लक चुकते, आणि तपासणीच्या वेळी प्रामाणिक शिक्षकावरही निष्कारण संशय येतो. व्यवहारांची अखंड मालिका हाच अशा वेळी त्याचा आधार होय.

तथापि संगणक पोते तोलत नाही. उंदरांनी नासलेले धान्य त्यास दिसत नाही. म्हणून ठरावीक दिवशी प्रत्यक्ष वजन करून ते नोंदीशी ताडून पाहणे, हे काम शिक्षकाचेच राहते. आरंभी खडू या एकाच वस्तूचा नमुना वरील रीतीने कागदावर आखावा, त्याच्या कृती व अटी शब्दांत लिहाव्यात, आणि त्या बिनचूक ठरल्यावरच संगणकाकडे वळावे.