जालवाहतूक विश्लेषण साधने

संगणक जालातून दोन किंवा अधिक संगणकांमध्ये जाणारे-येणारे संदेश टिपून, ते कालक्रमाने मांडून व त्यांचा अर्थ लावून सॉफ्टवेअरमधील दोषाचे स्थान व कारण शोधण्यासाठी जी साधने वापरतात, त्यांना जालवाहतूक विश्लेषण साधने म्हणतात. ही साधने स्वतः बहुतांशी सॉफ्टवेअरच्याच स्वरूपात असतात. बँकेतील खात्याची नोंद, रेल्वेचे आरक्षण किंवा सात-बाराचा उतारा यांसारखे साधे कामही आज एका संगणकावर पुरे होत नाही. त्यासाठी अनेक संगणकांना परस्परांकडे विचारणा करावी लागते. काम अडले म्हणजे दोष या टोकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्या टोकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, की मधल्या मार्गात आहे, हा पहिला प्रश्न असतो. साधन योग्य असल्यास त्याचे उत्तर थोड्या वेळात मिळते. अयोग्य असल्यास असलेला दोष दिसत नाही आणि क्वचित नसलेला दोष दिसतो. शिवाय अशा साधनांच्या टप्प्यात तिऱ्हाइतांचे खासगी संदेशही येतात. त्यामुळे साधनाची निवड ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

मूलतत्त्व : जालातून पाठवावयाचा संदेश लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. अशा प्रत्येक तुकड्यास पॅकेट म्हणतात. इथरनेट या प्रचलित पद्धतीत एका पॅकेटाची कमाल लांबी सामान्यतः १,५०० बाइट असते. पॅकेटाच्या आरंभी पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक इ. नोंदी असतात व त्यांच्यामागे प्रत्यक्ष मजकूर असतो. ही रचना स्तरांची असते. सर्वांत खालच्या स्तरावर तार, प्रकाशीय तंतू किंवा रेडिओ तरंग, त्यावर पत्ते व मार्ग ठरविणारा आयपी हा नियमसंच, त्यावर पॅकेटे गहाळ न होता क्रमाने पोहोचविण्याची हमी देणारा टीसीपी हा नियमसंच आणि सर्वांत वर उपयोजनाची भाषा (उदा., संकेतस्थळांसाठी एचटीटीपी) असते. दोष यांपैकी कोणत्याही स्तरावर उद्‌भवू शकतो. मात्र प्रत्येक साधनाला सर्व स्तर सारख्या स्पष्टतेने दिसत नाहीत.

निरीक्षणाचे स्थानही तितकेच महत्त्वाचे असते. पुणे–मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर (जि. सातारा) स्थानकावर एखादी गाडी उशिरा आली, एवढ्या नोंदीवरून उशीर कोठे झाला हे कळत नाही. त्याआधीच्या कोरेगाव स्थानकावरील सुटण्याची वेळ तिच्याशी ताडून पाहिली, म्हणजे खोळंबा या दोन स्थानकांच्या दरम्यान झाला की त्यापूर्वीच, हे ठरविता येते. मात्र त्यासाठी दोन्ही स्थानकांची घड्याळे जुळलेली असली पाहिजेत. जालातील निरीक्षणासही हाच न्याय लागू पडतो.

ऐतिहासिक आढावा : एखादा संगणक जालावर प्रतिसाद देतो किंवा नाही हे पाहणारी ‘पिंग’ ही आज्ञावली माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून केवळ ४० बिटांवर घसरला. या दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे ४०० यार्ड होते. कोणतीही तार तुटलेली नव्हती. गर्दी झाली असता संगणकांनी कसे वागावे यासंबंधीच्या सॉफ्टवेअरमध्येच उणीव होती. व्हॅन जेकबसन यांनी पॅकेटांच्या वेळांचा सूक्ष्म अभ्यास करून ती उणीव दाखविली व १९८८ मध्ये गर्दीनियंत्रणाची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मक्कॅन यांनी याच प्रयोगशाळेत टीसीपीडंप हे पॅकेटे टिपणारे साधन तयार केले. जेरल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये इथरिअल हे चित्ररूप मांडणी करणारे साधन प्रसिद्ध केले. २००६ पासून ते वायरशार्क या नावाने ओळखले जाते. ही दोन्ही साधने विनामूल्य असून त्यांची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे.

भारतात शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जालाचे काम १९८६ मध्ये सुरू झाले. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था या त्यातील आरंभीच्या सहभागी संस्थांपैकी होत. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली झाली. अर्नेटच्या आरंभीच्या वाहिन्यांचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. या वेगाने १,५०० बाइटांचे एक पॅकेट वाहिनीवर चढविण्यास १·२५ सेकंद लागतात. सेकंदाला १० कोटी बिट वाहणाऱ्या आजच्या वाहिनीवर त्यास ०·१२ मिलिसेकंद पुरतात. म्हणजे त्या काळी ‘वाहिनी कशाने व्यापली आहे’ हा विश्लेषणाचा मुख्य प्रश्न होता. आता ‘काम कोठे व कशासाठी थांबून राहते’ हा प्रश्न अधिक वेळा पडतो. तरीही ‘लाइन मंद आहे’ हे जुने निदान अजून सर्रास केले जाते.

साधनांचे प्रकार : (१) स्थितिदर्शक साधने : पिंग, मार्गातील टप्पे दाखविणारे ट्रेसराउट व संगणकावरील चालू जोडण्यांची यादी देणारी नेटस्टॅट किंवा एसएस ही साधने या वर्गात येतात. ती बहुतेक संगणकांवर मुळातच उपलब्ध असतात अथवा सहज बसविता येतात. ‘जोडणी होते की नाही’ व ‘कोणती आज्ञावली कोणाशी बोलत आहे’ एवढेच त्यांतून कळते. परंतु पुष्कळदा तेवढेच पुरेसे असते.

(२) प्रवाहनोंद साधने : कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे, किती वेळ व किती बाइट गेले, एवढीच नोंद ही साधने ठेवतात, मजकूर ठेवीत नाहीत. सिस्को कंपनीची नेटफ्लो व तिच्यावरून विकसित झालेली आयपीफिक्स ही प्रमाणित पद्धत यांत मोडतात. टेलिफोनच्या बिलाप्रमाणे त्यांत कोणाशी किती वेळ बोलणे झाले हे दिसते. काय बोलणे झाले ते दिसत नाही. वाहिनी कोण व्यापतो, हे शोधण्यास ती उपयुक्त आहेत.

(३) पॅकेटग्राहक साधने : टीसीपीडंप, वायरशार्क व त्याचेच आज्ञापंक्तीवर चालणारे रूप टीशार्क ही साधने प्रत्येक पॅकेट वेळेसह टिपतात. पुन्हापुन्हा पाठविलेली पॅकेटे, उत्तराविना गेलेला काळ, एकतर्फी तोडलेली जोडणी इ. गोष्टी यांतून उघड होतात. चित्रपटल नसलेल्या दूरच्या सर्व्हरवर टीसीपीडंपने टिपण करावे व ती फाइल आपल्या संगणकावर आणून वायरशार्कमध्ये तपासावी, ही रूढ कार्यपद्धती आहे.

(४) मध्यस्थ साधने : फिडलर, चार्ल्स व मिटमप्रॉक्सी ही साधने उपयोजन व सर्व्हर यांच्यामध्ये उभी राहून विचारणा व उत्तर यांचा मजकूर वाचनीय रूपात दाखवितात. त्यांतून मजकुरात बदल करून सॉफ्टवेअर कसे वागते तेही पाहता येते. ब्राउझरमध्ये अंतर्भूत असलेल्या विकसक साधनांचा ‘नेटवर्क’ हा विभाग मध्ये उभा राहत नाही. परंतु संकेतस्थळापुरते मजकूर दाखविण्याचे काम तोही करतो.

निवडीचे निकष : साधन निवडण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात मांडता आला पाहिजे. जोडणीच होत नसेल, तर पहिला वर्ग. वाहिनी भरून जात असेल, तर दुसरा. जोडणी होऊनही विलंब होत असेल किंवा ती मध्येच तुटत असेल, तर तिसरा. उत्तर वेळेवर येऊन चुकीचे येत असेल, तर चौथा वर्ग उपयोगी पडतो. ज्या साधनाने प्रश्न सुटतो, त्यांतील सर्वांत कमी टिपणारे साधन प्रथम वापरावे, हा सर्वसाधारण नियम होय.

दुसरा निकष कूटलेखनाचा आहे. आज संकेतस्थळांची बहुतेक वाहतूक टीएलएस या पद्धतीने कूटबद्ध होऊन जाते. त्यामुळे पॅकेटग्राहक साधनाला पत्ते, वेळा व लांबी दिसते. मजकूर दिसत नाही. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १·३ या आवृत्तीत सर्व्हरची खासगी किल्ली हाती असूनही पूर्वी टिपलेली वाहतूक सामान्यतः उलगडता येत नाही. ब्राउझरने किंवा उपयोजनाने त्या त्या सत्राच्या किल्ल्या एका फाइलीत नोंदविल्या, तरच वायरशार्क मजकूर उलगडू शकते. मध्यस्थ साधनासाठी त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र चाचणीच्या संगणकावर विश्वासार्ह म्हणून नोंदवावे लागते. विशिष्ट प्रमाणपत्रच स्वीकारणारी काही मोबाइल उपयोजने अशा मध्यस्थास नाकारतात.

तिसरा निकष परिमाणाचा. सेकंदाला १०० कोटी बिट वाहणारी वाहिनी एका दिशेने पूर्ण भरलेली असल्यास सेकंदाला १२·५ कोटी बाइट, म्हणजे तासाला सुमारे ४५० गिगाबाइट माहिती जमते. म्हणून टिपतानाच पत्ता, पोर्ट व प्रत्येक पॅकेटाची घ्यावयाची लांबी यांवर मर्यादा घालणे आवश्यक असते. मक्कॅन व जेकबसन यांनी १९९३ मध्ये वर्णन केलेली बीपीएफ ही गाळणपद्धती यासाठीच आहे. नको असलेली पॅकेटे ती संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातच वगळते.

उदाहरण : समजा, रहिमतपूर येथील एखाद्या पतसंस्थेच्या संगणकावरून मुंबईतील सर्व्हरकडे खात्याची विचारणा होते व प्रत्येक वेळी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. एका नोंदीत अशा ५० विचारणा असल्यास कारकुनाला व खिडकीपुढील खातेदाराला १० सेकंद थांबावे लागेल. अशा वेळी दोष वाहिनीच्या माथी मारून अधिक वेगाची जोडणी घेण्याचा विचार सहज सुचतो. तथापि प्रकाशाचा तंतूमधील वेग सेकंदाला सुमारे दोन लक्ष किमी. असतो. तंतूची लांबी २५० किमी. धरल्यास जाण्यायेण्यास २·५ मिलिसेकंद लागतात. मधल्या यंत्रांचा वेळ मिळविला, तरी २०० मिलिसेकंदांचा उलगडा अंतराने होत नाही. पिंगचे उत्तर त्वरित येते. प्रवाहनोंदीत थोडेच बाइट दिसतात. सर्व्हरची नोंदवही दोन-तीन मिलिसेकंदांत काम पुरे झाल्याचे सांगते. तिन्ही साधने खरे सांगतात, पण दोष दाखवीत नाहीत.

पॅकेटे टिपली असता मात्र पुढील क्रम दिसू शकतो : विचारणेचा पहिला लहान तुकडा जातो, मग सुमारे २०० मिलिसेकंद शांतता, नंतर पलीकडून पोहोच येते व लगेच दुसरा तुकडा जातो. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचविलेल्या नियमानुसार, आधीच्या तुकड्याची पोहोच येईपर्यंत पुढील लहान तुकडा रोखून धरला जातो. उलट, घेणारा संगणक उत्तराबरोबरच पोहोच पाठविता यावी म्हणून ती काही काळ लांबवितो. दोन्ही नियम जालावरील भार कमी करण्यासाठीच आहेत. परंतु एकत्र आले असता दोन्ही टोके एकमेकांची वाट पाहत बसतात. विचारणा दोन तुकड्यांऐवजी एकाच वेळी पाठविणे किंवा त्या जोडणीपुरता नेगल यांचा नियम बंद ठेवणे हा उपाय होय. अधिक वेगाची वाहिनी घेऊन हा विलंब तसूभरही कमी झाला नसता.

याउलट, त्याच उपयोजनात दिनांक चुकीचा उमटत असेल, तर पॅकेटे टिपून फारसे हाती लागणार नाही. तेथे विचारणा व उत्तर यांचा मजकूर दाखविणारे मध्यस्थ साधनच हवे.

मर्यादा व दक्षता : मध्यस्थ साधन मूळ जोडणी आपल्याशी संपवून पुढे नवी जोडणी करते. त्यामुळे वेळेशी निगडित दोष ते मध्ये येताच नाहीसा होण्याचा संभव असतो. पॅकेटग्राहक साधन ज्या संगणकावर चालते, त्याचे जालपत्रक काही कामे स्वतःकडे घेते. परिणामी जाणारी पॅकेटे १,५०० बाइटांहून मोठी किंवा तपासणीअंक चुकलेली दिसतात. हे खरे दोष नव्हेत. दोन्ही टोकांस एकाच वेळी टिपण केल्यास बहुतेक शंका फिटतात. मात्र घड्याळे जुळलेली असणे आवश्यक असते. भारतात सर्ट-इन या शासकीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावयाची आहेत.

गोपनीयता : दोष शोधण्यासाठी टिपलेल्या फाइलीत खातेक्रमांक, परवलीचे शब्द व खासगी पत्रव्यवहार येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकातून वा जालातून माहिती काढून घेणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. ते कृत्य अप्रामाणिक हेतूने केले असल्यास कलम ६६ खाली शिक्षाही होऊ शकते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम संमत झाला आहे. म्हणून टिपण्यापूर्वी लेखी परवानगी घेणे, शक्य तेथे खऱ्या खात्यांऐवजी चाचणीची खाती वापरणे, मजकुराची गरज नसल्यास पॅकेटाचा आरंभीचा भागच ठेवणे, फाइल दुसऱ्याकडे पाठविण्यापूर्वी तीतील खासगी नोंदी काढून टाकणे व काम संपताच ती नष्ट करणे, हे नियम पाळणे इष्ट असते. कमी टिपण्याचा नियम अशा रीतीने दोन्ही बाजूंनी हिताचा ठरतो : त्यामुळे दोष लवकर सापडतो आणि ज्यांचा त्या दोषाशी संबंध नाही, त्यांचे खासगीपण अबाधित राहते.