सैल सांधे आणि धडधडणारे हृदय



लवचिक शरीराचे आपल्याकडे फार कौतुक आहे. डोंबाऱ्याच्या खेळात मागे वाकून पायांमधून तोंड काढणारी पोर पाहिली की आपण अचंबा करतो. मल्लखांबावर अंगाचे वेटोळे घालणारा मुलगा पाहिला की टाळ्या देतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखविले, याचा विदर्भाला आजही अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. पण या लवचिकपणाला एक दुसरी बाजू आहे. सैल सांध्यांची काही माणसे उभी राहिली की त्यांचे हृदय धावू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. बाहेरून शरीर धडधाकट दिसते, म्हणून घरचे म्हणतात "नखरे", दुकानातले म्हणतात "कामचुकार", आणि पुष्कळदा दवाखान्यातही ऐकावे लागते की "मनाचे दुखणे आहे". आम्ही डॉक्टर नाही, कामगारांत वावरणारे आहो. परंतु ज्या दुखण्यापायी माणसाची रोजी आणि अब्रू दोन्ही जातात ते दुखणे समजून घेणे आम्ही आमचे काम समजतो.

प्रथम सांध्यांचे पाहू. दोन हाडांना बांधून ठेवणारे बंध ज्या तंतूंचे बनतात, त्यांतील मुख्य द्रव्याला कोलॅजेन म्हणतात. इतवारीच्या आसपासच्या कोष्टी मंडळींना हे पटकन समजेल. मागावर ताणा नीट ताणलेला असला तरच कापड घट्ट उतरते. ताणा ढिला पडला की विणकर कितीही कुशल असो, कापड झोळ खाते. काही माणसांचा हा ताणाच जन्मतः थोडा ढिला असतो. तो ओळखण्याच्या सोप्या कसोट्या पीटर बायटन यांनी 1973 साली सुधारून रूढ केल्या. करंगळी मागे काटकोनापर्यंत वा त्यापलीकडे जाते काय? अंगठा हाताच्या आतल्या बाजूस टेकतो काय? कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या दहा अंशांहून अधिक मागे वळतात काय? या चारींचे दोन्ही बाजू मिळून आठ गुण. गुडघे न वाकविता दोन्ही तळवे जमिनीला टेकले तर नववा. पन्नाशीच्या आतील प्रौढ माणसास पाच किंवा अधिक गुण मिळाले, तर त्याचे सांधे सैल समजावेत.

एवढ्याने कोणी घाबरून जाऊ नये. सैल सांधे हा रोग नव्हे. मुंबईतील मुलांची एक पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली, तीत निम्म्याहून अधिक मुले अशी लवचिक आढळली. वयाबरोबर सांधे आवळत जातात आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींना मात्र सांधे निखळणे, जुनाट दुखणे आणि थकवा यांनी ग्रासले जाते. त्यांतल्या काहींचा विकार एहलर्स व डॅन्लॉस या दोन वैद्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकारांत मोडतो.

आता हृदयाकडे वळू. हृदयाला स्वतःची लय असते. मज्जातंतूंचा संबंध तोडला तरी ते मिनिटाला सुमारे शंभर ठोके देत राहते. मग स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या घरात का? कारण मेंदूच्या तळाकडून निघालेला व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला सतत लगाम घालीत असतो. ऑटो लोवी यांनी 1921 साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले की, हा तंतू चेतविला असता एक रासायनिक द्रव्य सुटते आणि तेच हृदयाला मंद करते. याच्या उलट काम दुसऱ्या तंतूंचे. ते हृदयाला चाबूक मारतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. लगाम आणि चाबूक मिळून जी व्यवस्था होते तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. स्वायत्त अशासाठी की ती आपली परवानगी विचारीत नाही.

माणूस निजल्याचा उभा झाला की या व्यवस्थेची परीक्षा होते. उभे राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या नीलांत उतरते. हृदयाकडे परत येणारे रक्त घटते. मानेतील व छातीतील मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत दाब मोजणारे तंतू असतात, ते तत्काळ मेंदूला वर्दी देतात. मेंदू लगाम सैल करतो, चाबूक उगारतो. नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढते, पायांच्या वाहिन्या आवळतात, रक्त वर चढते. हे सारे काही क्षणांत होते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

सैल सांधे आणि हृदय यांची गाठ येथे पडते. ज्या तंतूंनी सांधे बांधले जातात त्याच जातीचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतात. भिंत ढिली असली तर नीला जुन्या रबरी नळीसारखी फुगते आणि खाली उतरलेले रक्त खालीच साचते. मेंदू बिचारा चाबकावर चाबूक मारतो, हृदय धावत सुटते, तरी डोक्याकडे रक्त पुरे पडत नाही. म्हणूनच एकाच वेळी धडधड आणि घेरी असा विचित्र अनुभव येतो. वैद्यक असेही मानते की नीलांचा ढिलेपणा हे एकच कारण नव्हे. कोणाच्या अंगात रक्ताचे आकारमान कमी असते, कोणाचे मज्जातंतूच नीट काम करीत नाहीत, कोणाला एखाद्या तापानंतर हे सुरू होते. पण सैल सांध्यांच्या लोकांत स्वायत्त मज्जासंस्थेचा बिघाड अधिक आढळतो, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वेगवेगळ्या देशांतील वैद्यांनी पुनःपुन्हा नोंदविले आहे.

या धडधडीला अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी 1993 साली आजचे नाव दिले. त्याची आद्याक्षरे मिळून "पॉट्स" असा शब्द होतो. आपल्या मेयो इस्पितळाशी त्या मेयोचे केवळ नामसाम्य आहे. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी तीस ठोक्यांनी, आणि बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत चाळीस ठोक्यांनी वाढणे, रक्तदाब मात्र फारसा न घसरणे, आणि हा त्रास निदान तीन महिने चालू राहणे, ही त्याची खूण. तरुण स्त्रियांत तो अधिक आढळतो.

आता मनाच्या दुखण्याचा आक्षेप घेऊ. "मन घट्ट कर, सगळे ठीक होईल", असे जे सांगतात त्यांना आम्ही लोणावळ्याची गोष्ट सांगू इच्छितो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली तेथे कैवल्यधाम स्थापून योगाची शास्त्रीय तपासणी सुरू केली. पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद या शास्त्रज्ञांनी लोणावळ्यासह देशात ठिकठिकाणी योगाभ्यासी मंडळींची हृदये यंत्रांनी तपासली आणि 1961 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदय बंद पाडतो म्हणणाऱ्यांची मनगटावरची नाडी खरोखर लागेनाशी होई. पण विद्युत् आलेख सांगे की हृदय चालूच आहे. श्वास कोंडून व स्नायू आवळून छातीत दाब वाढविल्यामुळे हृदयाकडे येणारे रक्त अडत होते, म्हणून नाडी क्षीण होई. म्हणजे वर्षानुवर्षे साधना केलेल्यांनाही हृदयाला थेट हुकूम सोडता आला नाही. श्वास आणि स्नायू यांच्या आडवाटेनेच जावे लागले. मग दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडणाऱ्या पोरीने केवळ इच्छेच्या बळावर आपले हृदय ताळ्यावर आणावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करता?

आणि आपल्या नागपूरचे हवामान या दुखण्याला खतपाणी घालणारे. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. उष्णतेने त्वचेच्या वाहिन्या रुंदावतात, घामाने अंगातले पाणी व मीठ जाते. रक्त आधीच कमी, त्यात ते बाहेरच्या बाजूस पांगते. त्यातून ज्या स्त्रिया लघवीला जाण्याची सोय नाही म्हणून पाणी पिणेच टाळतात, त्यांची स्थिती काय होत असेल याचा विचार करावा.

संशय आला तर घरीच एक साधी पाहणी करता येते. दहा मिनिटे आडवे पडून नाडी मोजावी. मग उभे राहून, न हलता, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या मिनिटाला मोजावी. जवळ कोणी तरी असावे, आणि घेरी आली तर तत्काळ निजावे. आकडे कागदावर लिहून वैद्याकडे न्यावेत. मात्र धडधडीची इतर कारणे आधी पाहिली पाहिजेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले; तेव्हा रक्ताची तपासणी आणि थायरॉइडची तपासणी अगोदर. श्रम करताना शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर एक दिवसही न दवडता हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

उपाय बरेचसे साधे आहेत. दिवसाकाठी दोन ते तीन लिटर पाणी प्यावे. मीठ वाढवावे, पण वैद्याला विचारूनच, कारण रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास ते घातक ठरेल. अंथरुणातून एकदम उठू नये. उभे राहणे भागच असेल तर पायांवर पाय घेऊन पोटऱ्या आवळाव्यात, कारण पोटऱ्यांचे स्नायू रक्ताला वर ढकलणाऱ्या पंपाचे काम करतात. घट्ट मोजे उपयोगी पडतात. व्यायाम हळूहळू वाढवावा, आणि सुरुवात पडून वा बसून करण्याच्या व्यायामाने करावी. सैल सांध्यांच्या माणसाने अधिकाधिक वाकण्याची हौस न धरता स्नायूंना बळ आणावे. एवढ्याने भागले नाही तर औषधेही आहेत; ती वैद्याने द्यावयाची.

परंतु एक उपाय वैद्याच्या हाती नाही, तो मालकाच्या हाती आहे. तो म्हणजे बसावयास एक स्टूल. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 44 व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. पण ती कारखान्यांपुरती. एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली आणि 2002 साली बंद पडली. आज या भागातील कितीतरी लेकरे कारखान्यात नव्हे, दुकानाच्या फळीमागे उभी असतात. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतील स्त्रियांनी संघटित होऊन बसण्याचा हक्क मागितला. 2018 साली त्या राज्याने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली, आणि 2021 साली तामिळनाडूनेही केली. त्या स्त्रियांनी दया मागितली नव्हती. गिऱ्हाईक नसताना टेकण्याची मुभा मागितली होती.

इतवारीतल्या व्यापारी बांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे. फळीमागे एक स्टूल ठेवा, शेजारी पाण्याचा माठ ठेवा, आणि लघवीची सोय करा. ज्याला हा विकार आहे तो माणूस त्याच्यामुळे दिवसभर उभा राहण्याऐवजी दिवसभर काम करू शकेल. ज्याला नाही त्याचेही पाय दुखावयाचे थांबतील. आणि कामगार बंधुभगिनींनो, शेजारची मुलगी घेरी येऊन बसली तर तिच्याकडे पाहून हसण्यापूर्वी तिच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजा. ती खोटे बोलत नाही, हे तिची नाडीच तुम्हाला सांगेल.