धुनीपाशी माफ, बांधावर गुन्हा

त्र्यंबकेश्वरात गांजा कुणी चोरून ओढला, असं निदान सिंहस्थात तरी झालेलं नाही. १७८९ च्या सिंहस्थात स्नानाच्या मानावरून शैव-वैष्णवांत रक्तपात झाला. पुढे पेशवाईत निवाडा होऊन शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर आणि वैष्णव नाशिकच्या रामकुंडावर, अशी वाटणी झाली. तेव्हापासून दर बारा वर्षांनी जुना, निरंजनी, महानिर्वाणी, अटल अशा आखाड्यांच्या धुन्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पेटतात आणि धुनीबरोबर चिलीमही पेटते. याच गावात निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला तिथे माळकरी जमतात, आणि माळ घालतानाच व्यसन सोडल्याची शपथ असते. (तंबाखूच्या पुडीचं काय, ते विचारू नये.) गावाने चिलीम आणि माळ दोन्ही नांदवल्या. सरकारचं मात्र दीडशे वर्षांत गांजाशी नीट जमलेलं नाही.

सुरुवात औषधानेच झाली होती. १८३९ साली कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी धनुर्वात, संधिवात, पटकी, लहान मुलांचे झटके यांवर गांजाचा अर्क देऊन पाहिला आणि निष्कर्ष छापले. त्यातून हा अर्क विलायतेच्या औषधकोशात गेला. इकडे मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. गांजाचं पीक मुख्यतः नगर जिल्ह्यात, विक्री परवान्याच्या दुकानातून. गिऱ्हाईक दमेकरी आहे की शौकीन, हे ठेकेदाराने विचारावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. सरकारला महसूल हवा होता.

मग लंडनमध्ये नीतीचा प्रश्न निघाला. विल्यम केन या खासदाराने १८९३ च्या मार्चमध्ये कॉमन्स सभेत हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल विचारणा केली आणि जुलैत मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. सात सदस्यांपैकी तिघे हिंदी होते. ११९३ साक्षी झाल्या, वर्षभरात अहवालाचे खंड तयार झाले. साधू-फकिरांत गांजाचं चलन किती, शिवभक्तीशी त्याचं नातं काय, वैद्य-हकीम तो कशावर देतात, घोड्या-बैलांना का चारतात, हे सगळं आयोगाने विचारून घेतलं. वेड्यांच्या इस्पितळांची प्रकरणं तर मुळापासून वाचावीत अशी. तिथल्या नोंदवह्यांत वेडाचं कारण म्हणून सर्रास ‘गांजा’ लिहिलेलं असे. आयोगाने १८९२ ची प्रकरणं एकेक करून तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक गळून पडली. दुसरं कारण सापडेना, म्हणून कारकुनाने गांजा लिहून रकाना भरला होता. आयोगाचा निर्वाळा असा की बेताच्या सेवनाने फारसं नुकसान नाही, अतिरेकाने आहे, आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही, शहाणपणाचीही नाही. पीक परवान्याखाली एकवटावं, पुरेसा कर लावावा, दुकानं मोजकी ठेवावीत, जवळ बाळगण्याला मर्यादा घालावी, या त्याच्या शिफारशी. आजही एखाद्या समितीला इतकं स्वच्छ लिहिता आलं तर नवल वाटेल.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि त्याने गांजाबरोबर भांगेची पानंही परवान्याखाली आणली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाला अफूच्या पंक्तीत बसवलं. भारताने पानं आणि बिया व्याख्येबाहेर ठेवायला लावल्या, पण औषध आणि संशोधन सोडून बाकी वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची अट मान्य केली. करार डिसेंबर १९६४ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत डिसेंबर १९८९. त्याआधीच, १४ नोव्हेंबर १९८५ ला, अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा एनडीपीएस कायदा अमलात आला. त्याच वर्षी अमेरिकेत केमोथेरपीच्या मळमळीवर गांजातल्या मुख्य घटकाच्या कृत्रिम कॅप्सूलला मंजुरी मिळाली. तिकडे औषधाचं दार किलकिलं होत होतं, इकडे आपण कडी लावत होतो.

तरी आपल्या कायद्यात औषधाची फट आहे. कलम ८ औषधी आणि वैज्ञानिक उपयोगाला बंदीतून वगळतं. कलम १० राज्य सरकारला गांजाची लागवड, ताबा, विक्री आणि वापर यांचे नियम करण्याचा अधिकार देतं. शेंड्याविना पानं तर एनडीपीएसच्या व्याख्येतच नाहीत. म्हणून वैद्यांची ‘विजया’ म्हणजे भांग टिकली, जातिफलादि चूर्ण टिकलं. औषध नियमांच्या ‘ई-१’ यादीत भांग आहे, त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. पण ज्याला पानं लागतात त्याची महाराष्ट्रात पुन्हा राज्याच्या दारूबंदी कायद्याशी गाठ असते. दिल्लीने सोडलं तरी मुंबई धरते.

या गुंत्याची किंमत कोण मोजतं? साधू नाही. कायद्यात साधूला कसलीही सूट नाही, व्यवहारात ती आहे, हे २००३ किंवा २०१५ चा सिंहस्थ पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. किंमत मोजतो तो धुळे जिल्ह्यात शिरपूरकडच्या सातपुड्यातला शेतकरी. तिथली गांजाची शेतं पोलीस वरचेवर उपटतात, आणि लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ओढताना सापडला त्याला मात्र जास्तीत जास्त सहा महिने. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज केला: इतर पिकांना भाव नाही, दोन एकरांत गांजा लावू द्या. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. असेलही. पण भावाचं रडगाणं खोटं नव्हतं.

रुग्णाची गोष्ट याहून वाईट. मॉर्फिनसाठी वेदनाशमन करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा एनडीपीएस कायद्यात २०१४ ची दुरुस्ती झाली आणि देशभर एकसारखे नियम आले. गांजाच्या औषधी वापरामागे तसं कुणी नेटाने उभं राहिलं नाही. जे बोलले ते बहुधा शौकाच्या बाजूने बोलले, आणि मग फेफऱ्याचं मूल घेऊन आलेल्या आईकडेही समाज त्याच संशयाने पाहू लागला. २०१८ मध्ये अमेरिकेने झटक्यांच्या दोन दुर्मिळ विकारांवर गांजातल्या, नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑलला मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा सर्वांत कडक यादीतून निघाला. त्या २७ मतांत भारताचं मत होतं. उत्तराखंडाने २०१८ पासून औद्योगिक हेंपच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली होती. महाराष्ट्रात हालचाल नाही.

याला नाशिककरांची भीतीही कारण आहे, आणि ती खोटी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखानाच सापडला. तेव्हापासून इथे अमली पदार्थ म्हटलं की पोरांची काळजी आधी येते. पण एमडीची पूड आणि वैद्याची विजया एका पोत्यात भरून प्रश्न सुटत नाही. आपण पुन्हा १८९२ च्या कारकुनासारखा रकाना भरतो आहोत.

येत्या सिंहस्थासाठी प्राधिकरण आहे, घाटांची कामं आहेत. पर्वणी २०२७ च्या ऑगस्टपासून. आखाड्यांच्या चिलमीचं काय करायचं ते पोलीस नेहमीप्रमाणे पाहून घेतील. राज्य सरकारने त्याआधी एवढंच करावं: कलम १० खाली औषधी वापराचे नियम लिहावेत. कोणत्या आजाराला, कोणत्या डॉक्टर-वैद्याच्या चिठ्ठीवर, किती, आणि पीक कुणाच्या शेतात, हे त्यात स्पष्ट असावं. अधिकार १९८५ पासून मंत्रालयात पडून आहे.