शिवणाचें कापड: बाजारांत जाण्यापूर्वीं आणि गेल्यावर

तयार कपड्यांचीं दुकानें आतां प्रत्येक रस्त्यावर आहेत आणि घरबसल्या मागविलेलें वस्त्र दोन दिवसांत दारांत येऊन पडतें. अशा काळांत कापड विकत घेऊन तें शिवून घेण्याची खटपट कोणी कशाला करावी, असा प्रश्न घरांतील मुलीसुनांनीं विचारला तर त्यांत नवल नाहीं. तरी पण पुण्यांत लक्ष्मी रस्त्यावर, तुळशीबागेंत किंवा रविवार पेठेंत कोणत्याहि सणाच्या आधीं एक फेरी मारून पाहावी, म्हणजे ही खटपट करणारे लोक अजून पुष्कळ आहेत असें दिसून येईल.

याचें कारण केवळ हौस हें नव्हे. तयार कपडा एका कल्पित माणसाच्या मापानें कापलेला असतो. आणि आपल्या घरांत राहणारीं माणसें कल्पित नसतात. आजेसासूबाईंचा खांदा आखडलेला असतो, त्यांचा हात पाठीमागें जात नाहीं. नातवाला अंगावर पाजणारी सून असते. तिला पुढून उघडणारें पोलकें हवें असतें. पाठींत वांकलेल्या आजोबांचा सदरा पुढें लोंबतो व मागें आंखूड होतो. वर्षांत चार बोटें उंच होणारी मुलगी असते. या सर्वांना तयार कपड्यांच्या दुकानांत सहसा मनासारखें कांहीं मिळत नाहीं, आणि मिळालें नाहीं तरी तीं माणसें तक्रार करीत नाहींत. शिवणाचें कापड मुख्यतः घ्यावयाचें तें अशांकरितां. कोणाकरितां घ्यावयाचें हें ठरल्यावांचून किती घ्यावें व कोणतें घ्यावें हें ठरत नाहीं. म्हणून या खरेदीचा आरंभ दुकानांत न होतां घरांत झाला पाहिजे, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे.

पुणेंकरांना कापडाचा विचार नवा नाहीं. 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी १८७७ सालीं दिल्ली दरबारास गेले ते हातानें कातलेल्या सुताची खादी अंगावर घालून. १९०५ सालच्या ऑक्टोबरांत याच शहरांत परदेशी कापडाची होळी झाली. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुणें सेवासदन स्थापन झालें, तेथें लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणाचेहि वर्ग चालले. आणि सुई-कात्रीच्या बळावर चार पैसे स्वतः मिळवितां येतात ही गोष्ट अनेक स्त्रियांना कळून आली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, कापडावर सरकारी नियंत्रण आलें, तेव्हां वारभर कापडहि वांया जाऊं न देण्याची विद्या घरोघर अंगीं बाणवावी लागली. कापडाची टंचाई गेली. पण ती विद्या जाऊं देण्याचें कारण नाहीं.

घरांतील पहिलें काम मापाचें. माणसाच्या अंगावर टेप धरण्यापेक्षां त्याला नीट बसणारा एखादा जुना कपडा सपाट पसरून त्याचीं मापें घ्यावीं. तीं अधिक बिनचूक येतात. परंतु मापानें सर्व कळत नाहीं. वडील मंडळींना "तुम्हांला कसें हवें?" असें विचारलें तर "माझें काय, कसेंहि चालेल" हें उत्तर ठरलेलें असतें. त्या उत्तरावर विसंबूं नये. आजी पोलकें घालीत असतां एकदां नीट पाहावें. हात बाहींत घालतांना त्या कोठें थांबतात, हूक लावावयास किती वेळ लागतो, बोटें कोठें अडखळतात, हें पाहिल्यावर मुंढा सैल हवा, हुकांच्या ऐवजीं मोठीं टिचबटणें हवींत, कापड मऊ वायलचें हवें, हें सर्व न सांगतां समजतें.

दुसरें काम कपाट उघडण्याचें. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मुंज, लग्न या निमित्तांनीं ओटींत आलेले खण आणि ब्लाऊजपीस एकीकडून दुसरीकडे फिरत असतात व प्रत्येक घरीं त्यांची एक चवड सांचलेली असते. बाजारांत जाण्यापूर्वीं ही चवड खालीं काढावी, एकेकाची लांबी व पन्ना मोजून चिठीवर लिहावा व ती चिठी टांचणीनें त्यालाच लावून ठेवावी. जे पुरेसे आहेत ते शिवावयास निघतील. जे आंखूड आहेत त्यांतील सुती खणांचीं बाळाचीं झबलीं होतील, कांहींचे उशांचे अभ्रे होतील. असें केलें म्हणजे बाजारांतून आणावयाच्या वस्तूंची यादी निम्म्यावर येते, असा पुष्कळ गृहिणींचा अनुभव आहे.

आतां मोजमापाची गोष्ट. आपल्याकडे १९५६ सालीं मापांचा कायदा झाला व पुढील कांहीं वर्षांत वार जाऊन मीटर आला. पण वडील मंडळींच्या तोंडीं वारच राहिला, आणि शिंपी अद्याप इंचानेंच बोलतो. वार ३६ इंचांचा, तर मीटर ३९.३७ इंचांचा. सासूबाईंनीं "अडीच वार आण" म्हणून सांगितलें आणि सुनेनें अडीच मीटर आणलें तर सुमारें साडेआठ इंच कापड अधिक येतें. उलट शिंप्यानें सांगितलेले अडीच मीटर वार समजून घेतले तर तितकेंच कमी पडतें व बाही तोकडी होते. म्हणून यादींत आंकड्यापुढें माप कोणतें तें अवश्य लिहावें. नऊवारी लुगडें म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर, हेंहि ध्यानांत असावें.

याहून मोठी चूक होते ती पन्ह्याच्या बाबतींत. दर मीटरमागें किती, एवढेंच विचारून कापड घेणें म्हणजे डबा न पाहतां तूप घेण्यासारखें आहे. उदाहरणार्थ, चाळीस इंच लांबीचा कुडता शिवावयाचा आहे आणि त्याचा पुढचा व मागचा भाग, शिवणीची माया धरून, प्रत्येकीं चोवीस इंच रुंद हवा आहे. कापडाचा पन्ना ४४ इंच असेल तर हे दोन भाग शेजारीं शेजारीं बसत नाहींत. दोन लांब्या घ्याव्या लागतात व दुमडीसकट सुमारें ८६ इंच, म्हणजे २.२ मीटर कापड लागतें. बाह्या मात्र बाजूच्या उरलेल्या पट्ट्यांतून निघतात. तोच पन्ना ५८ इंच असेल तर दोन्ही भाग एकाच लांबींत बसतात, बाहीपुरतें वीस इंच अधिक घ्यावें लागतें, आणि १.६ मीटरमध्यें काम होतें. समजा, पहिल्या कापडाचा दर मीटरला २०० रुपये व दुसऱ्याचा २६० रुपये आहे. तर पहिलें ४४० रुपयांस पडतें आणि महाग वाटणारें दुसरें ४१६ रुपयांस. हा हिशेब घरीं कागदावर करून न्यावा. गिऱ्हाइकांच्या गर्दींत तो करणें जमत नाहीं.

बाजारांत जावयाचें तें शक्य तों सकाळीं. दुपारीं एक ते चार बंद राहणाऱ्या पुणेरी दुकानांची ख्याति आतां ओसरत चालली आहे, पण सकाळचें कारण निराळें आहे: रंग दिवसाच्या उजेडांतच पारखावा लागतो. दुकानांतल्या दिव्याखालीं लुगड्याशीं तंतोतंत जुळलेला खण बाहेर उन्हांत निराळाच दिसतो. मॅचिंग सेंटरमध्यें जातांना लुगडें बरोबर न्यावें, आणि दोन्हीं कापडें दुकानाच्या दाराशीं नेऊन पाहूं द्या, असें सांगण्यांत संकोच मानूं नये. चांगला दुकानदार तें स्वतःच सुचवितो.

कोणत्या वस्तूकरितां कोठें जावें हेंहि ठरलेलें असावें. लक्ष्मी रस्त्यावर साड्या व कापड यांचीं मोठीं दुकानें आहेत. तेथें निवड पुष्कळ व बसून पाहण्याची सोय चांगली. पेशवाईंत नारो अप्पाजी तुळशीबागवाले यांनीं जें राममंदिर उभारलें त्याच्या भोंवतालच्या तुळशीबागेंत बायकांच्या नित्य गरजेच्या लहानसहान वस्तु एकाच फेरींत मिळतात. रविवार पेठेंत कापडगंज आहे, आणि लेस, बटणें, गोट यांचा ठोक माल त्याच पेठेंत आहे. एकत्र कुटुंबांत पांचसहा जणांचे कपडे एकदम निघत असतील तर तिकडची पायपीट फुकट जात नाहीं. एकाच ठाणांतून मुलांचे सदरे व मुलींचीं परकर-पोलकीं बेतलीं तर तुकडे कमी वांया जातात. मात्र स्वस्त मिळतें म्हणून यादीबाहेरचें घेण्याचा मोह तेथेंच अधिक होतो.

कापड पारखावें तें हातानें. नव्या कापडास खळ दिलेली असते व तिच्यामुळें विरळ कापडहि भरदार भासतें. एक कोपरा दोन्ही हातांत धरून चोळावा. पांढरी भुकटी पडली व कापड लुळें झालें तर तें भरदारपण खळीचें होतें असें समजावें. मग तें उजेडासमोर धरून वीण सारखी आहे कीं नाहीं हें पाहावें. चौकडीच्या किंवा आडव्या पट्ट्यांच्या कापडांत छापलेली रेघ आडव्या धाग्याशीं समांतर आहे ना, हें पाहणें अत्यंत आवश्यक आहे. ती तिरपी असेल तर कोणताहि शिंपी पुढें ती सरळ करूं शकत नाहीं. गडद रंगाच्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासला तर रंग जातो कीं राहतो तें तेथल्या तेथें कळतें.

सुती म्हणून घेतलेलें कापड खरोखर सुती आहे काय, याची परीक्षा घरीं आल्यावर एका धाग्यानें होते. सुताचा धागा जळतांना कागदासारखा वास येतो व मऊ राखाडी राख पडते. रेशमाला व लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राहिलेली काळी गुठळी बोटांनीं चुरडते. पॉलिएस्टर वितळतें व त्याचा कठीण मणी होतो. उन्हाळ्यांत घाम येणाऱ्या वृद्ध माणसाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या अंगाला हा फरक फार जाणवतो. शुद्ध रेशमाकरितां २००४ सालापासून 'सिल्क मार्क' ही खूण सुरू झालेली आहे. भारी किंमतीचें वस्त्र घेतांना ती मागून पाहावी.

अस्तराकडे कोणी लक्ष देत नाहीं आणि पोलकें बिघडतें तें बहुधा अस्तरामुळेंच. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें. शंभर इंचांस पांच इंच आटणारें कापड असेल तर चाळीस इंचांचा कुडता अडतीसावर येतो. वरचें कापड आटणारें नसून आंतलें अस्तर आटलें तर पोलक्याला चुण्या पडतात व दोष शिंप्याच्या माथीं येतो. यावर उपाय एकच: वरचें कापड सुती असेल तर तें व अस्तर दोन्ही रात्रभर निरनिराळ्या पाण्यांत भिजवावीं, सावलींत वाळवावीं, इस्त्री करावी आणि मगच बेतावयास द्यावीं. त्याकरितां यादींत प्रत्येक मापामागें थोडें कापड अधिक धरावें.

दोरा, सुई, हूक, बटण या वस्तु किरकोळ म्हणून ऐन वेळीं आणल्या जातात. दोऱ्याचें रीळ कापडापेक्षां किंचित् गडद रंगाचें घ्यावें, कारण रिळावर दाट दिसणारा रंग एकेरी टांक्यांत फिका दिसतो. यंत्राच्या सुईचे नंबर असतात: वायलसारख्या तलम कापडाला ११, नेहमींच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. तलम कापडांत जाड सुई चालविली तर टांक्यांशेजारीं भोंकें दिसूं लागतात. हूक गंजणारे नसावेत. गंजाचा डाग कापडावरून सहसा जात नाहीं. अंगुस्तान, खडू आणि चांगली कात्री घरांत असावी, आणि त्या कात्रीनें कागद कोणी कापूं नये, असा घरचा नियमच असावा.

शिंप्याकडे कापड देतांना माप, नमुन्याचा जुना कपडा आणि सर्व सामान एका पिशवींत द्यावें, व उरलेले तुकडे परत मागून घ्यावेत. त्यांतूनच पुढें ठिगळ, पट्टी आणि शेवटीं गोधडी निघते.

ही सर्व माहिती फार मोठी नाहीं. दोनतीन खेपांत ती कोणालाहि येते. पण ती पुस्तकापेक्षां बरोबर हिंडण्यानें अधिक येते. म्हणून बाजारास निघतांना घरांतील धाकट्या सुनेला, मुलीला आणि मुलालाहि बरोबर न्यावें. कापड त्यांच्या हातीं द्यावें, चोळून पाहूं द्यावें, हिशेब त्यांना करूं द्यावा. उद्यां ज्या वेळीं आपलेच हात पाठीमागें जाईनासे होतील, त्या वेळीं आपण "कसेंहि चालेल" म्हटलें तरी त्यावर विश्वास न ठेवणारें कोणीतरी घरांत असलें पाहिजे.