अंगठ्याने खेळायची बोलिंग

बोलिंग म्हटले की आपल्याकडे क्रिकेटच डोळ्यांपुढे येते. परंतु सुटीत मुले, आणि हल्ली त्यांच्यासोबत आजोबा-आजीही, मोबाइलवर जी बोलिंग खेळताना दिसतात ती निराळी. गुळगुळीत लाकडी पट्टी, तिच्या टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या बाटलीच्या आकाराच्या दहा पिना आणि त्यांच्यावर घरंगळत सोडायचा जड चेंडू. खऱ्या खेळात पहिली पिन ६० फुटांवर असते व चेंडू जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंच्या आसपास असतो. मोबाइलवर वजन नाहीसे होते आणि खांदा, कंबर, गुडघे यांचे काम एकट्या अंगठ्यावर येऊन पडते.

प्रथम गुणांचा हिशेब पाहू, कारण दुखण्याचे मूळ तिथेच आहे. एका खेळात दहा डाव. प्रत्येक डावात दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर तो स्ट्राइक. त्याचे दहा गुण, शिवाय पुढच्या दोन चेंडूंचे गुण वरकड. दोन चेंडूंत मिळून दहा पडल्या तर स्पेअर. त्याला पुढच्या एकाच चेंडूचे गुण मिळतात. लागोपाठ बारा स्ट्राइक केले की ३०० गुण, यापुढे मजल नाही. साहजिकच नवशिका स्ट्राइकच्या मागे लागतो व दर चेंडू जिवाच्या आकांताने फेकतो.

वास्तविक तसे करण्याची गरज नाही. दर वेळी पहिल्या चेंडूत नऊ पिना पाडून उरलेली एक दुसऱ्या चेंडूत पाडणारा खेळाडू एकही स्ट्राइक न करता १९० गुण मिळवतो. ती उरलेली पिन सोडून देणारा नव्वदवरच राहतो. म्हणून सराव करायचा तो उरलेली पिन टिपण्याचा. दुसरे असे की, चेंडू पुढच्या पिनेच्या अगदी मधोमध मारू नये. तसे केल्यास दोन्ही बाजूंच्या पिना उभ्या राहण्याची भीती असते. उजव्या हाताच्या खेळाडूने पहिली पिन व तिच्या उजवीकडची पिन यांच्यामधली फट धरावी. पट्टीवर बाण काढलेले असतील तर नजर पिनांवर न ठेवता बाणावर ठेवावी. चेंडू चुकला तर उभे राहण्याची जागा किंवा दिशा, यांपैकी एकच गोष्ट बदलावी. दोन्ही एकदम बदलल्या तर काय चुकले हे कळत नाही.

आता अंगठ्याकडे वळू. फोनच्या काचेला बोट कोठून कोठे व किती वेगाने सरकले एवढेच सहसा कळते. किती जोराने दाबले याचा चेंडूवर परिणाम होत नाही. तरीही खेळाडू दात-ओठ खाऊन दाबतात! अंगठा बाहेर ओढणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल शेकडो वेळा झाली की बोगद्याचे आवरण जाड होते, स्नायुबंध अडखळतात आणि कळ येते. द केरव्हँ या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली या विकाराचे वर्णन केले. म्हणजे दुखणे मोबाइलचे नव्हे. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या मातांनाही ते होते. खेळयंत्राने आलेल्या अंगठ्याच्या दुखण्याची नोंद १९९० मध्येच एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात झाली होती.

उतारवयातील मंडळी या कळेला सर्रास ‘वात’ म्हणतात आणि दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेतात. हे मात्र धोक्याचे आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना या गोळ्या फार महाग पडू शकतात, आणि खेळ चालूच राहिला तर कळ परत येतेच. घरी एक परीक्षा करून पाहता येते. अंगठा मुठीत घ्या व मनगट हलकेच करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली तर या विकाराचा संशय घ्यावा. खेळ काही आठवडे पूर्ण बंद, दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे गार शेक (बर्फ फडक्यात गुंडाळून) आणि अंगठ्याला आधार देणारा पट्टा, इतक्यावर पुष्कळांना उतार पडतो. न पडल्यास, बोटांना मुंग्या येत असल्यास किंवा मनगट सुजून लाल व गरम झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.

ज्यांना खेळायचेच आहे त्यांनी फोन टेबलावर ठेवून तर्जनीने चेंडू सोडावा आणि एका खेळानंतर हात मोकळा करावा. ऑनलाइन सामन्यात समोरचा ‘आणखी एक’ म्हणून खुणावत असतो, तेव्हा खेळांची संख्या आधीच ठरवलेली बरी. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात.

हात हलवून खेळायचे यंत्रही असते. निन्टेंडो कंपनीने २००६ मध्ये आणलेल्या अशा यंत्रावरील बोलिंग अमेरिकेतील वृद्धाश्रमांत फार लोकप्रिय झाली. त्यात उभे राहून हात झुलवावा लागतो, हे बैठ्या खेळापेक्षा बरे. तथापि तेवढ्याने सकाळचे फिरणे चुकवता येणार नाही. तोल जाणाऱ्या वृद्धांनी ती खुर्चीत बसून खेळावी, आणि यंत्राचा पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय हात झुलवू नये.