संगणकावरील खेळांत फेरफार : पहिला धडा

आपल्या जुन्नर तालुक्यांतील आळे या गांवीं एका रेड्याची समाधि आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखांतून वेद वदविले त्याच रेड्याची ती, असें परंपरा सांगते. त्याच ज्ञानेश्वरांच्या नांवावर महाराष्ट्रांत मोक्षपटहि घातला जातो. मोक्षपट म्हणजे आपल्या सापशिडीचा पूर्वज: शिडीच्या पायथ्याशीं सद्गुण, सापाच्या तोंडाशीं दुर्गुण आणि शेवटच्या घरांत मुक्ति. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत रुळला, तेव्हां तेथील लोकांनीं घरांवर आपल्या नीतिकल्पना लिहिल्या. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंतील एका कंपनीनें सापच काढून टाकले व त्या जागीं घसरगुंड्या घातल्या. सोंगटीच्या चढउताराचा नियम मात्र कोणींहि हलविला नाहीं. खेळाचा सांगाडा तसाच ठेवून वरचें सामान बदलणें, यासच संगणकाच्या खेळांत ‘मॉड’ असें म्हणतात. सातबाऱ्यावरील फेरफार पालकांस परिचित आहे; जमीन जागच्या जागीं राहते, नोंद तेवढी बदलते. म्हणून या लेखांतहि मॉडला फेरफार असेंच म्हटलें आहे.

दुसऱ्यानें केलेला खेळ आपल्याला बदलतां येतो, हें प्रथम ऐकून नवल वाटेल. त्याचें कारण खेळाच्या रचनेंत आहे. १९९३ सालीं अमेरिकेंत ‘डूम’ नांवाचा खेळ निघाला. त्याच्या कर्त्यांनीं खेळ चालविणारें यंत्र एका बाजूस व नकाशे, चित्रें, आवाज हें सामान दुसऱ्या बाजूस, स्वतंत्र फायलींत ठेवलें. यंत्राला हात न लावतां सामान बदलतां येतें हें उमगतांच खेळणाऱ्यांनीं आपापले नकाशे रचले. ‘हाफ-लाइफ’ या खेळांत विद्यार्थ्यांनीं केलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा १९९९ सालचा फेरफार तर मूळ खेळाइतकाच गाजला. (हे दोन्ही बंदुकीचे खेळ आहेत, ते मुलांनीं खेळावे अशी शिफारस मी करीत नाहीं, इतिहासासाठीं नांवें घेतलीं.) पुण्यांतील एका मंडळीनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेला ‘राजी’ हा खेळहि ‘अनरिअल’ या तयार यंत्रावरच उभा आहे. तेव्हां दुसऱ्याच्या यंत्रावर काम करण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

आरंभास कोणता खेळ घ्यावा? माझ्या मतें ‘लुआंटी’. पेर्तू अहोला या फिनलंडच्या गृहस्थानें २०१० मध्यें त्याचा आरंभ केला. २०२४ पर्यंत त्याचें नांव ‘माइनटेस्ट’ असें होतें. तो विनामूल्य आहे, साधारण संगणकावर चालतो आणि मुख्य म्हणजे तो फेरफारासाठींच बांधलेला आहे. त्यांतील जग घनाकृति ठोकळ्यांचें असून त्याच्या आज्ञा ‘लुआ’ या भाषेंत लिहितात. ही भाषा १९९३ सालीं ब्राझीलमधील रिओ येथील विद्यापीठांत जन्मली. पोर्तुगीज भाषेंत लुआ म्हणजे चंद्र. खेळ मोबाइलवरहि चालतो, परंतु लिहिण्यास संगणकच बरा.

पहिला फेरफार एकाच वस्तूचा असावा. शिवनेरीच्या पायवाटेवर जो काळा कातळ आपण तुडवितों तोच घेऊं. त्याचें छायाचित्र काढून चित्रकलेच्या साध्या साधनानें तें उभ्या-आडव्या १६ ठिपक्यांचें करावें व ‘पीएनजी’ प्रकारांत जतन करावें. इतक्या थोड्या ठिपक्यांत कातळ काय ओळखूं येणार, असें वाटतें. पण काळ्यांत थोडी तांबूस झांक राखली कीं तो आपला दगड ओळखूं येतो. नंतर खेळाच्या ‘मॉड्स’ या कप्प्यांत आपला एक कप्पा करावा. त्याचें नांव लहान रोमन अक्षरांत असावें. मध्यें जागा सोडूं नये. आंत ‘टेक्श्चर्स’ नांवाच्या उपकप्प्यांत चित्र, आणि शेजारीं दोन फायली: ‘मॉड डॉट कॉन्फ’, जींत फेरफाराचें नांव, व ‘इनिट डॉट लुआ’, जींत खरें काम. या दुसरींत नव्या ठोकळ्याची नोंद करावयाची. नोंदींत त्याचें नांव, दाखवावयाचें वर्णन, चित्राच्या फायलीचें नांव आणि तो कशानें व किती सहज फुटावा हें सांगणारा गट, एवढें पुरे.

फायली नोटपॅडसारख्या साध्या साधनांत लिहाव्या. येथें एक खोडी आहे. तें साधन फायलीच्या नांवापुढें स्वतःचें ‘टीएक्सटी’ हें शेपूट चिकटवितें. संगणक तें शेपूट लपवितो आणि खेळाला फायल सांपडत नाहीं. पुष्कळ नवशिके येथेंच थकून उठतात. नांवाचें शेपूट दिसेल अशी व्यवस्था प्रथम करून घ्यावी.

मग नवें जग निर्माण करून त्यांत आपला फेरफार चालू करावा. कातळ आपोआप डोंगरांत उगवणार नाहीं. ‘क्रिएटिव्ह’ ही सवलत निवडली म्हणजे तो वस्तूंच्या यादींत दिसेल. बहुधा पहिल्या वेळीं तो दिसणारच नाहीं, खेळ बंद पडून इंग्रजींत एक सूचना येईल. तिला भिऊं नये. त्या सूचनेंत कोणत्या फायलींत, कितव्या ओळींत घोटाळा आहे हें लिहिलेलें असतें. एखादा स्वल्पविराम राहिलेला असतो, नाहीं तर कंस उघडाच असतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व लगेच खेळ चालवून पाहावा. दहा बदल एकदम केले तर चूक कोणत्या बदलाची तें कळत नाहीं.

कातळ साधल्यावर दुसरी वस्तु भीमाशंकरच्या रानांतून आणावी. तेथें पावसाळ्यांत कुजक्या लाकडावर अंधारांत मंद उजेड देणारी बुरशी आढळते. ठोकळ्याच्या नोंदींत प्रकाशाचा आंकडा घालतां येतो. तो १४ पर्यंत चालतो. बुरशीला तीन-चार पुरेत, १४ घातले तर ती बुरशी न राहतां पेट्रोमॅक्स होईल. जुन्नरच्या मुलांना उंसांतला बिबट्याच आधीं हवा असतो, हें मी जाणतों. परंतु चालणारा, पाहणारा, पळणारा प्राणी करणें फार अवघड आहे. माणिकडोहच्या निवारा केंद्रांतील बिबट्यांना तेथेंच सुखानें राहूं द्यावें.

पालकांच्या शंका रास्त आहेत. वेळ जातो हें खरें. परंतु केवळ खेळणारा मुलगा तासाभरांत वही उघडीत नाहीं, फेरफार करणारा दर पांच मिनिटांनीं कांहीं तरी मोजतो, लिहितो, तपासतो. धोका अन्यत्र आहे. अनोळखी ठिकाणाहून उतरविलेली फायल संगणक बिघडवूं शकते. फेरफारासाठीं कोणी परवलीचा शब्द मागितला तर तेथेंच थांबावें. दुसऱ्याचें चित्र वापरतांना त्याचा परवाना वाचावा व कर्त्याचें नांव द्यावें. आणि अनेकांबरोबर स्पर्धेनें खेळावयाच्या खेळांत चोरून फेरफार करणें म्हणजे कवड्यांत शिसें भरण्यापैकींच होय.

एवढें जमल्यावर एक मोठें काम आपली वाट पाहात आहे. ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्याला नांव मिळालें तें गांव आज डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे आणि तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे. त्या गांवांत वावरलेलीं वडीलधारीं माणसें ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं विचारून घ्यावें: वेशीपासून देवळापर्यंत किती पावलें, घराचें तोंड कोणीकडे, ओट्याला पायऱ्या किती, छपरावर कौलें कीं गवत. या खेळांतील एक ठोकळा एक मीटरचा मानण्याची वहिवाट आहे. म्हणून पावलांचे मीटर करून चौकटीच्या कागदावर नकाशा आखावा. जगाची लांबी-रुंदी सुमारें ६२,००० ठोकळे असते. एक गांवच काय, जुन्नरपासून नाणेघाटापर्यंतची सारी वाट खऱ्या मापानें तींत मावेल. आजोबांनीं सांगितलेलीं पावलें व आजीनें सांगितलेलीं पावलें जुळणार नाहींत. दोन्ही आंकडे वहींत लिहून ठेवावे, आणि बांधावयास आधीं देऊळ घ्यावें. त्याची जागा दोघांनाहि नक्की आठवत असते.